किनाऱ्यावरच्या प्रागैतिहासिक सांगाड्यांचे कालमापन : आहार आणि स्थलांतर यांचा अभ्यास कोणत्या क्रमाने करावा

मासे, शिंपले आणि सील यांवर जगलेल्या माणसाचे हाड रेडिओकार्बन पद्धतीने मोजले की त्याचे वय खऱ्यापेक्षा जास्त भरते. समुद्राच्या पाण्यातला कार्बन हवेतल्या कार्बनपेक्षा जुना असतो आणि माशांमार्फत तो माणसाच्या हाडात उतरतो, हे कारण पुरातत्त्वाच्या बहुतेक विद्यार्थ्यांना ठाऊक असते. तरीही प्रबंधांत आणि अहवालांत तीच चूक पुन्हा पुन्हा होते. कालमापन एका प्रयोगशाळेत होते, आहाराची समस्थानिके (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) दुसरीकडे मोजली जातात, स्थलांतर दाखवणारे स्ट्राँशियम तिसरीकडे, आणि हे तिन्ही निकाल शेवटच्या प्रकरणात नुसते शेजारी शेजारी मांडले जातात. किनारी समाजांच्या बाबतीत हे तीन प्रश्न सुटे ठेवता येत नाहीत. आहार कळल्याशिवाय तारीख ठरत नाही. तारीख ठरल्याशिवाय एका दफनभूमीतली माणसे एकाच काळातली होती की नाही हे सांगता येत नाही. आणि ते सांगता येत नसेल, तर अमुक व्यक्ती 'बाहेरून आली' असे म्हणताना बाहेर कशाला म्हणायचे हेच निश्चित होत नाही.

पुढील टप्पे समजावताना फ्रान्समधील ब्रिटनीच्या दक्षिण किनाऱ्यावरील तेव्हिएक आणि ओएदिक या दोन मध्याश्मयुगीन (शेती येण्याआधीच्या, शिकार आणि मासेमारीवर जगणाऱ्या लोकांच्या) दफनभूमींचे उदाहरण घेतले आहे. साँ-ज्यूस्त आणि मार्त पेकार या दाम्पत्याने १९२८ ते १९३४ या काळात ही दोन्ही स्थळे उत्खनित केली. शिंपल्यांच्या ढिगाऱ्यांत खोदलेल्या कबरी, काहींवर रचलेली लाल हरणांची शिंगे, सोबत भोके पाडलेल्या शिंपल्यांचे अलंकार, आणि तेव्हिएकला २३ तर ओएदिकला १४ व्यक्तींचे अवशेष असा हा संच आहे. आज ही दोन्ही ठिकाणे बेटे आहेत. त्या काळी समुद्राची पातळी खाली असल्याने किनारा आणखी पुढे होता. या अभ्यासात जे जे चुकू शकते, त्यातले बहुतेक सगळे या एका संचात भेटते.

टप्पा १ : हाड कापण्याआधी प्रश्न आणि नमुन्यांची यादी

नमुना घेणे म्हणजे अवशेषाचा काही भाग कायमचा नष्ट करणे होय. त्यामुळे संग्रहालयाची किंवा पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी, छायाचित्रे, मोजमापे, आणि दात असल्यास त्याचा साचा किंवा सीटी स्कॅन, एवढे हाती असल्याखेरीज करवत उचलू नये. एकाच तुकड्यातून कालमापन आणि आहार अशा दोन्ही गोष्टी साधता येतात आणि तसेच करावे. दोन प्रयोगशाळांसाठी दोन वेगवेगळी हाडे कापली, तर अवशेषाचे नुकसान दुप्पट होते आणि दोन्ही निकाल एकाच हाडाचे आहेत ही खात्रीही राहत नाही.

कोणते हाड निवडायचे हे प्रश्नावर अवलंबून असते. बरगडीतले कोलॅजन (हाडातले मुख्य प्रथिन) तुलनेने लवकर बदलत राहते, म्हणून त्यात आयुष्याच्या शेवटच्या काही वर्षांचा आहार दिसतो. मांडीच्या हाडातले कोलॅजन सावकाश बदलते. प्रौढाच्या मांडीच्या हाडात दहा किंवा त्याहून अधिक वर्षांची सरासरी असते आणि तिच्यात किशोरवयाचाही अंश असतो. दात एकदा तयार झाला की एनॅमल, म्हणजे दाताचे वरचे कठीण आवरण, बदलत नाही. पहिल्या दाढेचा वरचा भाग जन्मापासून साधारण तिसऱ्या वर्षापर्यंत घडतो, दुसऱ्या दाढेचा साधारण अडीच ते आठ वर्षांच्या दरम्यान, आणि अक्कलदाढेचा त्यानंतर, पण तिच्या वयात व्यक्तीगणिक बराच फरक पडतो. बालपणी एका ठिकाणी आणि प्रौढपणी दुसऱ्या ठिकाणी राहिलेली व्यक्ती ओळखायची असेल, तर त्याच व्यक्तीचा दात आणि बरगडी असे दोन्ही नमुने लागतात.

इशारा : अंगावर दूध पिणाऱ्या मुलाच्या शरीरातले नायट्रोजन मूल्य (जड आणि हलक्या नायट्रोजनचे प्रमाण; मासे खाणाऱ्यांतही ते चढे असते, टप्पा ४ पाहा) आईपेक्षा दोन ते तीन प्रतिसहस्रांनी वर जाते. त्यामुळे लहान मुलांची हाडे आणि पहिल्या दाढेचे डेंटिन (एनॅमलखालचा भाग) हा 'मासे खाणाऱ्यांचा' पुरावा म्हणून वापरू नये. माझ्या मते लहान मुलांचे निकाल सरासरीत मिसळण्याची चूक सर्वाधिक होते आणि ती सर्वांत सहज टाळता येण्यासारखी आहे.

या यादीत माणसांखेरीज प्राण्यांची हाडेही असावीत. त्याच थरातले हरीण, रानडुक्कर, मासे, समुद्रपक्षी आणि सील यांचे नमुने नसतील, तर माणसाच्या मूल्यांचा अर्थ लावायला आधारच उरत नाही. ते नंतर मागवू असे ठरवले, तर ते सहसा येत नाहीत.

टप्पा २ : जुन्या संग्रहातल्या हाडांवर काय लावले आहे ते शोधणे

गेल्या शतकात खणून काढलेली हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून त्यांवर शेलॅक, पॉलिव्हायनिल अॅसिटेट, पॅरालॉइड किंवा सरस लावण्याची प्रथा होती. हे पदार्थ वेगवेगळ्या तऱ्हेने घात करतात. पॉलिव्हायनिल अॅसिटेट किंवा पॅरालॉइडसारख्या पेट्रोलियमपासून बनलेल्या पदार्थात रेडिओकार्बन उरलेलाच नसतो. नमुन्यातला १ टक्का कार्बन असा 'मृत' असेल, तर वय सुमारे ८० वर्षांनी जास्त दिसते. उलट शेलॅकसारख्या अलीकडच्या सेंद्रिय पदार्थाचा किंवा मुळांचा, बुरशीचा १ टक्का आधुनिक कार्बन ७,००० वर्षे जुन्या हाडात शिरला, तर वय सुमारे १०० वर्षांनी कमी दिसते. सर्वांत वाईट सरस, कारण तो स्वतःच जनावरांचे कोलॅजन असतो आणि हाडाच्या कोलॅजनपासून त्याला रासायनिक रीतीने वेगळे काढणे जवळपास अशक्य असते. तो जनावराचा असल्यामुळे आहाराचे मूल्यही बिघडवतो.

म्हणून आधी संग्रहालयाच्या नोंदवह्या पाहाव्यात, मग हाडाचा पृष्ठभाग भिंगाखाली पाहावा, आणि शंका राहिल्यास इन्फ्रारेड स्पेक्ट्रम घ्यावा. अस्वाभाविक चमक, खोबणीत साचलेला पिवळट थर किंवा नखाला चिकटणारा पातळ पापुद्रा दिसला, तर तो भाग सोडून आतला, लेप न लागलेला भाग घ्यावा. ज्यावर काय लावले आहे याची कुठेच नोंद नाही आणि तपासणीचीही सोय नाही, असे हाड सुरुवातीलाच बाजूला ठेवणे शहाणपणाचे.

टप्पा ३ : कोलॅजन काढणे आणि त्याची परीक्षा

हाडाचा पृष्ठभाग खरवडून काढल्यावर साधारण अर्धा ते एक ग्रॅम हाड सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवतात. खनिज भाग विरघळत गेला की तुकडा मऊ, लवचीक आणि किंचित पारदर्शक होतो. आम्ल बदलूनही त्याच्या मध्यभागी पांढरट, कडक गाभा राहिला असेल, तर काम अर्धवट आहे. यानंतर मातीतली ह्यूमिक आम्ले काढण्यासाठी अल्कलीने थोडा वेळ धुतात, पुन्हा आम्ल देतात, आणि हलक्या आम्लधर्मी पाण्यात सुमारे ७० ते ७५ अंश सेल्सियसला तापवून कोलॅजनचे जिलेटिनमध्ये रूपांतर करतात. ते गाळून, बहुतेक प्रयोगशाळांत अल्ट्राफिल्टरमधून पुढे नेऊन, गोठवून सुकवतात. चांगले कोलॅजन पिंजलेल्या कापसासारखे पांढरे आणि हलके दिसते. तपकिरी, चिकट किंवा भुकटीसारखे असेल, तर पुढचा खर्च करण्याआधी विचार करावा.

पडताळणी : पुढील चार आकडे पाहिल्याशिवाय कोणताही निकाल स्वीकारू नये. हाडाच्या वजनाच्या तुलनेत कोलॅजन निदान १ टक्का मिळाले पाहिजे. कार्बन आणि नायट्रोजन अणूंचे गुणोत्तर २.९ ते ३.६ यांच्या दरम्यान असले पाहिजे. कोलॅजनमध्ये कार्बन साधारण ३० ते ४५ टक्के आणि नायट्रोजन साधारण ११ ते १६ टक्के असावा. गुणोत्तर ३.६ च्या वर गेले, तर बहुधा ह्यूमिक पदार्थ किंवा संरक्षक लेप शिल्लक आहे. मात्र मर्यादेत आलेले गुणोत्तर शुद्धतेची हमी देत नाही, कारण सरसाचे गुणोत्तरही त्याच मर्यादेत बसते.

खर्च वाचवायचा असेल, तर आधी हाडाच्या चिमूटभर भुकटीतला नायट्रोजन मोजावा. तो सुमारे ०.७ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर पुरेसे कोलॅजन मिळण्याची शक्यता कमी असते. ही पूर्वचाचणी उष्ण प्रदेशांत विशेष उपयोगी पडते. कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर जांभ्याची आम्लधर्मी माती, उष्णता आणि मुसळधार पाऊस यांमुळे हाड मुळातच टिकत नाही, आणि टिकले तरी कोलॅजन क्वचितच उरते. तिथे ब्रिटनीसारखी योजना जशीच्या तशी आखण्यात अर्थ नाही. दाताच्या एनॅमलवर भर द्यावा आणि तारीख कबरीशी निश्चित संबंध असलेल्या जळक्या बियांवरून घ्यावी. रेडिओकार्बन मोजणारी एएमएस यंत्रे आपल्याकडे दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी अॅक्सिलरेटर सेंटरमध्ये आणि अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत आहेत, त्यामुळे नमुना परदेशी पाठवण्याआधी तिथे चौकशी करावी.

टप्पा ४ : आहाराचे मापन आणि सागरी वाटा ठरवणे

हा टप्पा तारखेच्या कॅलिब्रेशनच्या, म्हणजे रेडिओकार्बन वयाचे प्रमाणित वक्रावरून कॅलेंडर वर्षांत रूपांतर करण्याच्या, आधीच पूर्ण व्हायला हवा. कोलॅजनमधील कार्बन-१३ आणि नायट्रोजन-१५ यांची मूल्ये आंतरराष्ट्रीय मानकांच्या तुलनेत प्रतिसहस्रांत देतात. समशीतोष्ण प्रदेशात केवळ जमिनीवरचे अन्न खाणाऱ्या माणसाच्या कोलॅजनचे कार्बन मूल्य उणे २० ते उणे २१ च्या आसपास असते, आणि जवळजवळ सर्व प्रथिने समुद्रातून घेणाऱ्याचे उणे १२ च्या आसपास. नायट्रोजन मूल्य अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीला ३ ते ५ प्रतिसहस्रांनी वाढते. समुद्रातल्या साखळ्या लांब असल्यामुळे मोठे मासे आणि सील खाणाऱ्यांचे मूल्य बरेच वर जाते, तर शिंपल्यांवर भर असलेल्यांचे तितके वर जात नाही. म्हणून दोन्ही मूल्ये एकत्र वाचावी लागतात.

इशारा : एएमएस यंत्रावर रेडिओकार्बनसोबत मोजलेले कार्बन-१३ मूल्य आहारासाठी वापरू नये. नमुन्याचे ग्रॅफाइट करताना आणि यंत्रात होणारे विभाजन (जड आणि हलके अणू वेगवेगळ्या प्रमाणात पुढे जाणे) त्यात मिसळलेले असते, आणि ते मूल्य केवळ त्या मोजणीपुरती दुरुस्ती करण्यासाठी असते. प्रयोगशाळेकडे समस्थानिक-गुणोत्तर वस्तुमान वर्णपटमापकावर स्वतंत्रपणे मोजलेले मूल्य मागावे आणि अहवालात कोणते मूल्य कुठून आले ते लिहावे.

याच्याशी जोडलेला आणखी एक गैरसमज आहे. प्रयोगशाळा रेडिओकार्बन वय देताना ते उणे २५ प्रतिसहस्र या मूल्याला सामान्यीकृत करते. ही दुरुस्ती झाली म्हणजे समुद्राचा परिणामही निघून गेला, असे अनेक जण धरून चालतात. तसे नसते. ही दुरुस्ती जैविक आणि रासायनिक विभाजनाची आहे. समुद्रातला कार्बन जुना असण्याशी तिचा काही संबंध नाही.

सागरी वाटा, म्हणजे कोलॅजनमधल्या कार्बनचा समुद्रातून आलेला हिस्सा, काढायची सर्वांत सोपी रीत म्हणजे दोन टोकांमध्ये (पूर्ण जमिनीवरचा आणि पूर्ण समुद्री आहार) सरळ रेषेने मोजणे. समजा एका काल्पनिक सांगाड्याचे कार्बन मूल्य उणे १५.६ आहे. जमिनीचे टोक उणे २० आणि समुद्राचे टोक उणे १२ धरले, तर एकूण अंतर ८ आणि जमिनीच्या टोकापासूनचे अंतर ४.४, म्हणजे वाटा ५५ टक्के होतो. जमिनीचे टोक उणे २१ धरले, तर तोच वाटा ६० टक्के होतो. एवढ्याशा गृहीतकाने ५ टक्क्यांचा फरक पडतो, हे ध्यानात ठेवून वाट्याबरोबर निदान १० टक्क्यांची अनिश्चितता द्यावी. टोके पुस्तकातून न घेता शक्यतो त्याच स्थळाच्या प्राण्यांवरून ठरवावीत. आधुनिक प्राणी किंवा मासे वापरावे लागले, तर कोळसा आणि तेल जाळल्यामुळे आजच्या हवेतले कार्बन मूल्य औद्योगिक काळापूर्वीपेक्षा दीड प्रतिसहस्राहून अधिक खाली आले आहे, याची दुरुस्ती करावी. समुद्रासाठी ती लहान असते.

इथे एक गोष्ट सावकाश समजून घ्यायला हवी. कोलॅजनमधला कार्बन मुख्यतः प्रथिनांतून येतो. त्यामुळे ५५ टक्के म्हणजे ताटातल्या अन्नाच्या ५५ टक्के मासळी असा अर्थ होत नाही. कंदमुळे, हेझलनटसारखी फळे आणि बिया भरपूर खाल्ल्या असल्या तरी त्या या आकड्यात पुरेशा दिसत नाहीत. पण तारखेसाठी आपल्याला ताट नकोच आहे, कोलॅजनमधल्या कार्बनचा किती हिस्सा समुद्रातून आला एवढेच हवे आहे, आणि ते हा आकडा बऱ्यापैकी सांगतो. एकच संख्या आहाराबद्दल सांगताना सावधपणे वापरावी लागते आणि तारखेसाठी त्या मानाने निर्धास्तपणे वापरता येते, हा भेद अहवालात स्पष्ट उतरला पाहिजे.

दोन परिस्थितींत ही सरळ रेषा फसते. पहिली, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका यांसारखी पिके जिथे खाल्ली जात होती तिथे. या वनस्पतींचे कार्बन मूल्य समुद्री अन्नाच्या दिशेलाच सरकलेले असते, त्यामुळे बाजरी खाणारा शेतकरी नुसत्या कार्बन मूल्यावरून कोळी ठरतो. मध्याश्मयुगीन ब्रिटनीत ही अडचण नाही. गुजरात किंवा महाराष्ट्राच्या शेतीयुगातल्या किनाऱ्यावर ती पहिल्या दिवसापासून आहे, आणि तिथे नायट्रोजन व शक्यतो गंधक मूल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. दुसरी परिस्थिती नदीच्या माशांची. चुनखडीच्या प्रदेशातून आलेल्या नदीत जुना कार्बन विरघळलेला असतो; असे मासे खाल्ल्याने वय काही शतकांनीही वाढू शकते, आणि त्यांचे कार्बन मूल्य जमिनीच्या प्राण्यांसारखेच दिसू शकते. नायट्रोजन मूल्य चढे आणि कार्बन मूल्य जमिनीसारखे, असे जोडीने दिसले की नदीच्या माशांचा संशय घ्यावा.

टप्पा ५ : स्थानिक सागरी दुरुस्ती निवडणे

समुद्रातल्या जुन्या कार्बनमुळे वयात पडणारा फरक, म्हणजे समुद्राचा उशीर, सगळीकडे सारखा नसतो. खोल, जुने पाणी जिथे वर येते त्या किनाऱ्यावर तो जास्त असतो. जागतिक सरासरीपासून स्थानिक पाणी किती ढळते, ते डेल्टा-आर या आकड्याने दाखवतात. तो १९५० पूर्वी जिवंत गोळा केलेल्या, नोंद असलेल्या शिंपल्यांवरून, किंवा एकाच थरातल्या शिंपला आणि जमिनीवरचा नमुना यांच्या जोडीवरून काढतात. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठाकडून चालवल्या जाणाऱ्या सागरी दुरुस्तीच्या माहितीसंचात जगभरचे असे आकडे उपलब्ध आहेत.

इशारा : २०२० मध्ये उत्तर गोलार्धासाठी इंटकॅल२० आणि समुद्रासाठी मरीन२० हे नवे वक्र आले. मरीन२० मध्ये समुद्राची जागतिक सरासरी दुरुस्ती आधीच्या मरीन१३ पेक्षा सुमारे दीडशे वर्षांनी मोठी आहे. त्यामुळे मरीन१३ साठी काढलेला डेल्टा-आर मरीन२० बरोबर वापरला, तर समुद्री नमुन्यांच्या तारखा तितक्याच प्रमाणात नाहक अलीकडे येतात. जुन्या शोधनिबंधातला आकडा उचलण्याआधी तो कोणत्या वक्रासाठी आहे ते पाहावे आणि नव्या वक्रासाठी तो पुन्हा काढावा. मरीन२० ध्रुवीय समुद्रांसाठी नाही, हेही लक्षात असावे.

जोडीतून स्वतः आकडा काढायचा असेल, तर जोडी काळजीपूर्वक निवडावी. जमिनीच्या बाजूला कोळशाऐवजी जळकी हेझलनटची कवचे किंवा हरणाचे हाड घ्यावे, कारण कोळसा शंभर-दोनशे वर्षांच्या झाडाच्या गाभ्यातला असू शकतो. समुद्राच्या बाजूला पाणी गाळून खाणारे शिंपले घ्यावेत. चिखल खाणारे किंवा चुनखडीचा खडक खरवडणारे टाळावेत. कवचाच्या मूळ खनिजाचे पुनर्स्फटिकीकरण झाले आहे का, ते क्ष-किरण विवर्तनाने तपासावे.

तेव्हिएक आणि ओएदिकसारख्या स्थळी याहून थेट तपासणी शक्य असते. कबरीवर ठेवलेले हरणाचे शिंग एका वर्षात वाढते आणि हरीण समुद्रात चरत नाही. त्यामुळे त्याच कबरीतल्या माणसाचे आणि शिंगाचे रेडिओकार्बन वय यांतला फरक म्हणजे त्या माणसापुरता झालेला सागरी उशीर, असे ढोबळपणे म्हणता येते. शिंग आधीच्या पिढीने जपून ठेवलेले असण्याची शक्यता मात्र गृहीत धरावी. म्हणून एकच जोडी पुरेशी नाही. एकाहून अधिक व्यक्ती असलेल्या कबरीत शिंग नेमके कोणासोबत ठेवले होते, ते उत्खननाच्या नोंदीतून पक्के करावे लागते.

टप्पा ६ : मिश्र वक्राने कॅलिब्रेशन

आता सागरी वाटा आणि डेल्टा-आर हे दोन्ही हाती आहेत. ऑक्सकॅलसारख्या संगणक प्रणालीत इंटकॅल२० आणि स्थानिक डेल्टा-आर लावलेला मरीन२० असे दोन वक्र घेऊन ते सागरी वाट्याच्या प्रमाणात मिसळण्याची सोय आहे. प्रत्येक व्यक्तीसाठी वाटा आणि त्याची अनिश्चितता स्वतंत्रपणे भरावी. संपूर्ण दफनभूमीला एकच सरासरी वाटा लावणे ही सर्रास दिसणारी चूक आहे. त्याने मासे जास्त खाणारे लोक खोटेच जुने आणि कमी खाणारे खोटेच अलीकडचे ठरतात.

वरचा काल्पनिक सांगाडा पुढे नेऊ. त्याचे रेडिओकार्बन वय ६,३५० वर्षे आले. समुद्राचा विचार न करता कॅलिब्रेट केल्यास तारीख इ.स.पू. ५३०० च्या आसपास येते. स्थानिक समुद्राचा एकूण उशीर ४०० वर्षे आणि सागरी वाटा ५५ टक्के धरला, तर ढोबळ दुरुस्ती २२० वर्षांची होते आणि तारीख साधारण इ.स.पू. ५२०० ते ४९५० या पट्ट्यात सरकते. हा हिशेब फक्त अंदाज घेण्यासाठी आहे. अहवालात प्रणालीने मिश्र वक्रावरून दिलेला पट्टाच छापावा. ब्रिटनीत शेती करणारे समाज इ.स.पू. ५००० च्या सुमारास पोहोचले. म्हणजे दुरुस्ती केली नाही तर ही व्यक्ती शेतकऱ्यांच्या कित्येक पिढ्या आधीची ठरते, आणि केली तर कदाचित त्यांची शेजारी.

पडताळणी : एकाच कबरीत एकाच वेळी पुरलेल्या दोन व्यक्तींच्या दुरुस्त तारखा एकमेकींशी जुळतात का ते पाहावे. न जुळल्यास आधी सागरी वाटा आणि कोलॅजनचे आकडे पुन्हा तपासावेत. 'कबर नंतर पुन्हा उघडली होती' हे स्पष्टीकरण उत्खननात तसा पुरावा असेल तरच द्यावे.

टप्पा ७ : स्थलांतराचा पुरावा वाचणे

स्ट्राँशियमसाठी दाताचे एनॅमल घ्यावे, हाड घेऊ नये. हाड मातीतले स्ट्राँशियम सहज शोषते. स्ट्राँशियम-८७ आणि ८६ यांचे गुणोत्तर त्या त्या भूभागाच्या खडकावर अवलंबून असते आणि ते अन्नपाण्यातून दातात उतरते. ब्रिटनीच्या जुन्या ग्रॅनाइटवर ते चढे असते. समुद्राच्या पाण्यात मात्र ते जगभर ०.७०९२ असते, आणि किनारी अभ्यासातला मुख्य सापळा इथेच आहे. मासे खाणे, समुद्री मीठ आणि खारा वारा हे तिन्ही त्या व्यक्तीचे गुणोत्तर ०.७०९२ कडे ओढतात. कोकणात किनाऱ्यापासून बऱ्याच आतल्या घरांचे गज खाऱ्या वाऱ्याने कसे गंजतात ते ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हा वारा किती आत पोहोचतो हे सांगायला नको. परिणाम असा की भिन्न खडकांच्या दोन किनाऱ्यांवर वाढलेली, मासे खाणारी दोन माणसे स्ट्राँशियमच्या दृष्टीने सारखीच दिसू शकतात. 'गुणोत्तर समुद्राजवळचे आहे, म्हणून व्यक्ती स्थानिक' हे वाक्य म्हणूनच लिहू नये. 'किनारी अन्नाशी सुसंगत' एवढेच म्हणता येते.

स्थानिक पातळी ठरवण्यासाठी वनस्पती, गोगलगायी आणि लहान कुरतडणारे प्राणी यांचे नमुने वेगवेगळ्या खडकांवरून गोळा करावेत. खत किंवा चुना टाकलेली शेते टाळावीत. किनाऱ्यापासून आत जाणाऱ्या एका ओळीत नमुने घेतले, तर समुद्राचा परिणाम कुठवर आहे तेही दिसते.

ऑक्सिजन मूल्य पावसाच्या पाण्यावरून येते आणि एकाच किनाऱ्यावर ते फारसे बदलत नाही. शिवाय अंगावर दूध पिण्याच्या काळात घडलेल्या दातात ते वाढलेले असते. त्याला साहाय्यक पुरावा समजावे. गंधक अधिक उपयोगी पडते, कारण ते त्याच कोलॅजनमधून मोजता येते. समुद्राच्या सल्फेटचे मूल्य सुमारे २१ प्रतिसहस्र असते आणि किनाऱ्यालगतच्या वनस्पती व प्राणी त्या बाजूला झुकतात. सस्तन प्राण्यांच्या कोलॅजनमध्ये कार्बन-गंधक अणूंचे गुणोत्तर ३०० ते ९०० आणि नायट्रोजन-गंधक गुणोत्तर १०० ते ३०० असेल, तरच ते मूल्य घ्यावे.

आता या सगळ्याचा अर्थ. रिक शुल्टिंग आणि माइक रिचर्ड्स यांनी २००१ मध्ये या दोन दफनभूमींची समस्थानिक मूल्ये आणि नव्या तारखा प्रसिद्ध केल्या. ओएदिकचे लोक तेव्हिएकच्या लोकांपेक्षा समुद्रावर अधिक अवलंबून होते, आणि ओएदिकमधल्या काही तरुण स्त्रियांचा सागरी वाटा इतरांपेक्षा कमी होता, असे त्यांना दिसले. या स्त्रिया लग्न होऊन जमिनीच्या आतल्या भागातून आल्या असाव्यात, असा अर्थ त्यांनी सुचवला. कल्पना आकर्षक आहे आणि हाडांत मागचा आहार काही वर्षे टिकतो या तत्त्वाशी सुसंगतही आहे. पण नमुने मोजके आहेत, आणि कमी मासळी मिळण्यामागे त्याच गटातली वाटणी किंवा खाण्यावरचे निर्बंध हे कारणही असू शकते. त्याच स्त्रियांच्या दातांत बालपण वेगळ्या खडकावर गेल्याचे दिसले, तर तो अर्थ पक्का होईल. नुसत्या बरगडीवरून तो गृहीतकच राहतो. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राचीन डीएनए अभ्यासात, ज्यात उप्साला विद्यापीठाचे संशोधक होते, एकत्र पुरलेल्या व्यक्ती अनेकदा जवळच्या नात्यातल्या नव्हत्या आणि त्यांच्यात शेतकऱ्यांच्या वंशाचा अंश नव्हता, असे आढळले. एका कबरीतले म्हणजे एका कुटुंबातले, हे गृहीतक त्यामुळे आता आधीच धरता येत नाही, आणि आहारातल्या फरकांचे स्पष्टीकरण देताना ते सोडून विचार करावा लागतो.

टप्पा ८ : निकाल छापणे

प्रत्येक व्यक्तीसाठी एका ओळीत पुढील गोष्टी द्याव्यात : प्रयोगशाळेचा सांकेतिक क्रमांक, कोणते हाड किंवा दात, कॅलिब्रेट न केलेले रेडिओकार्बन वय आणि त्याची अनिश्चितता, स्वतंत्रपणे मोजलेली कार्बन व नायट्रोजन मूल्ये, कोलॅजनची टक्केवारी, कार्बन-नायट्रोजन गुणोत्तर, गृहीत धरलेली दोन टोके, सागरी वाटा, डेल्टा-आर आणि तो कुठून घेतला, वापरलेले वक्र, प्रणालीची आवृत्ती आणि ९५.४ टक्के संभाव्यतेचा पट्टा. फक्त कॅलिब्रेट केलेल्या तारखा छापल्या, तर पुढचा वक्र आल्यावर त्या कोणालाही पुन्हा मोजता येत नाहीत. उरलेले कोलॅजन आणि हाडाचा तुकडा सांकेतिक क्रमांकासह संग्रहालयाला परत द्यावा, आणि त्यावर नव्याने कोणताही लेप लावू नये, अशी सूचना त्या पुडीवरच लिहावी.